माउंटखालची पेन्सिल

"स्टॉप!" मी ओरडले.

आठ वर्षांत त्या वर्कशॉपमध्ये मी कधी आवाज चढवला नव्हता. मिस्टर प्रिचर्डचा हात जागच्या जागी थांबला. बोटांत मऊ रबराचा तुकडा होता आणि रबराखाली दुसरं चित्र. पहिलं चित्र पुसून, ब्रशने झटकून बाजूला ठेवलेलं होतं. अगदी लख्ख.

"सुधा? काय झालं?"

"ते पुसू नका. ते डाग नाहीत. ते मराठी आहे."

"ते काय आहे?"

"माझी भाषा."

मिस्टर प्रिचर्डनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, दूर धरलं, पुन्हा जवळ नेलं. "मला वाटलं कुणा लहान मुलाने गिरगटलंय," ते म्हणाले. "टिकेटवर पुसायलाच सांगितलंय."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी लंडनजवळ वॉटफर्डमध्ये पिक्चर फ्रेमिंगच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. पुढे तिथूनच रिटायर झाले. आपली माणसं विचारायची, "म्हणजे तुम्ही फ्रेमा ठोकता का हो?" हो, ठोकते. पण ठोकायला दहा मिनिटं लागतात. त्याआधीचे चार दिवस कागदाची मनधरणी करण्यात जातात, ते कुणाला दिसत नाही.

वर्कशॉप मिस्टर प्रिचर्डचं. साठीचा गृहस्थ, शर्टाच्या बाह्या रोज सारख्याच उंचीवर दुमडलेल्या. चहा पिताना खुर्ची टेबलापासून चार हात मागे न्यायची, हा त्यांचा नियम. माझ्या नवऱ्याने एकदा तिथे येऊन चिवड्याचा डबा उघडला होता. मिस्टर प्रिचर्डनी त्याला अतिशय नम्रपणे फुटपाथवर नेऊन उभं केलं.

त्या वेळी आमच्याकडे सगळ्यात जास्त काम यायचं ते जुन्या प्रेमकथांमधल्या एन्ग्रेव्हिंगचं. एन्ग्रेव्हिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरायच्या, त्यात शाई भरायची आणि वर कागद दाबायचा. जे उमटतं ते चित्र. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कादंबऱ्यांमध्ये अशी चित्रं वेगळ्या जाड पानावर छापून घालायचे. त्या पानाला आम्ही प्लेट म्हणतो. पुस्तकाची शिवण उसवली, पानं सुटी झाली की लोक प्लेट्स काढून फ्रेम करायला आणत. जिन्याच्या भिंतीवर चढत्या ओळीत सहा प्लेट्स लावायच्या, अशी फॅशनच होती. गुडघे टेकलेला नायक, खिडकीतली नायिका, कुणाच्या तरी हातात पत्र. आठवड्याला निदान दोन बेशुद्ध नायिका मी काचेमागे बसवायचे.

आणखी एकच शब्द सांगते, कारण तो पुढे लागणार आहे. माउंट. चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकोनी खिडकी असते, ते माउंट. त्याने काच कागदाला चिकटत नाही. शिवाय चित्र उठून दिसतं आणि कडेचं सगळं झाकलं जातं. कडेला काय काय असतं ते फक्त फ्रेम करणाऱ्यालाच ठाऊक. चहाचे वर्तुळाकार डाग, कुणाचा तरी हिशेब, दाबून ठेवलेलं फूल.

तर, बुधवार माझा सुट्टीचा दिवस. आदल्या आठवड्याच्या बुधवारी एक तरुण मुलगी येऊन एक मोडकं पुस्तक देऊन गेली होती. मिस्टर प्रिचर्डनी ऑर्डर घेतली. जॉब टिकेट म्हणजे गिऱ्हाइकाने काय सांगितलं त्याचा कागद, तो कामाबरोबर शेवटपर्यंत फिरतो. त्यावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: डॉ. नीना फडके, केंब्रिज. सहा प्लेट्स. वरवरची धूळ काढणे. पेन्सिलच्या खुणा पूर्ण पुसणे. शनिवारी सकाळी दहाला हवं, आईवडिलांच्या लग्नाला तीस वर्षं, त्या दिवशी पिनरला जेवण. सरप्राइज.

फडके हे नाव मी सोमवारीच वाचलं होतं. "कुणीतरी आपल्यातलं दिसतंय," असं मनात म्हणून मी फ्रेमची लाकडं कापायला घेतली. पुस्तक उघडून बघायची बुद्धी झाली नाही. सफाई मिस्टर प्रिचर्डची आणि फ्रेम माझी, अशी आमची वाटणी. गुरुवारी सकाळी माप घ्यायला त्यांच्या टेबलाशी गेले तेव्हा रबराच्या कडेला मला एक शिरोरेघ दिसली. त्यावर दोन वेलांट्या.

त्यानंतर मी ओरडले.

मिस्टर प्रिचर्डनी रबर खाली ठेवलं आणि दुसरी प्लेट माझ्यासमोर सरकवली. "काय लिहिलंय?"

चित्रात बाग होती. नायक एका गुडघ्यावर बसलेला, नायिका छत्री धरून दुसरीकडे बघतेय. खाली गोल, शाळकरी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, "हा खाली काय शोधतोय? बटण?" त्याखाली तिरप्या, घाईच्या अक्षरात: "माझ्या कोटाचंही पडलंय. वरून दुसरं."

मी हसले. मग तिसरी प्लेट ओढली. मेणबत्तीच्या उजेडात दोघं जेवायला बसलेत. खाली गोल अक्षर: "असं समोरासमोर बसून आपण कधी जेवणार? खिचडी ओव्हनमध्ये आहे." तिरपं अक्षर: "रविवारी. नक्की." आणि त्याखाली परत गोल अक्षर, पेन्सिल जरा दाबून: "रविवार गेला."

इथे मी हसायची थांबले.

चौथ्या प्लेटवर खिडकीत उभी असलेली नायिका. "ही मी." "खिडकीत उभी राहू नकोस, गार वारा येतो. मी मागच्या दाराने येतो." पाचवीवर नायिका पत्र वाचतेय. "हिला चार पानी पत्र. आणि मला 'दूध संपलं'." "दूध खरंच संपलं होतं."

सहावी प्लेटही मी वाचली. ती मी सांगणार नाही. खरं तर पाचही वाचायला नको होत्या.

"वेल?" मिस्टर प्रिचर्ड म्हणाले.

"पत्रं आहेत," मी म्हटलं. "नवराबायकोची. गिऱ्हाइकाच्या आईवडिलांची असणार."

त्यांनी पहिल्या प्लेटकडे पाहिलं. मी ती दिव्याजवळ नेली आणि उजेड अगदी बाजूने पडेल अशी धरली. पेन्सिल पुसली तरी तिच्या दाबाचा खड्डा कागदात राहतो, तो कधीकधी असा दिसतो. चित्रात एक तरुण आणि एक तरुणी, बहुधा पहिली भेट, दोघांच्या मधे एक खुर्ची. खाली फक्त एक प्रश्नचिन्ह दिसलं. बाकी काही नाही. मिस्टर प्रिचर्डचं काम नेहमीच चोख असायचं.

"गिऱ्हाइकाने पुसायला सांगितलंय," ते म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता. "आपण टिकेटप्रमाणे काम करतो, सुधा. तिने सांगितलं तर थांबवू."

नियम बरोबरच होता. मी केंब्रिजला फोन लावला. आन्सरिंग मशीन. तिच्या लॅबला लावला. डॉ. फडके एडिंबराला कॉन्फरन्सला गेल्यात, उद्या संध्याकाळी येतील. कुठे उतरल्यात? माहीत नाही. मी दोन्हीकडे निरोप ठेवला.

"उद्या दुपारी बारापर्यंत थांबतो," मिस्टर प्रिचर्ड म्हणाले. "त्यानंतर थांबलो तर शनिवार गाठता येणार नाही. मग टिकेटवर आहे ते करावं लागेल."

म्हणजे दुपारी बाराला पाच प्लेट्स पुसल्या जाणार होत्या. कायमच्या. आणि जिने पुसायला सांगितलं तिला ते वाचताच येत नसणार, याबद्दल माझी खात्री होती. आमच्याकडची ही इथे वाढलेली मुलं मराठी बोलतात, थोडीफार. समजतं त्यांना सगळं, विशेषतः आपण त्यांच्याबद्दल बोलत असलो की. पण वाचायला कोण शिकवणार? शनिवारी सकाळी पोहणं, दुपारी व्हायोलिन. माझ्या मुलाला अजून 'क्ष' बघितला की चित्र वाटतं.

आता मी जे केलं ते प्रोफेशनली चूक होतं. तेव्हाही चूक होतं, आजही आहे. दुसरं कुठलं नाव असतं, समजा टिकेटवर मिस टॉमसन असतं, तर मी मुकाट्याने बारा वाजेपर्यंत फोनशेजारी बसले असते. पण आडनाव फडके दिसलं आणि मी फ्रेमरची मावशी झाले. टेलिफोनची डिरेक्टरी काढली, पिनरमधले फडके शोधले, एकच घर होतं. चहाच्या सुट्टीत मिस्टर प्रिचर्ड खुर्ची मागे नेऊन बसले असताना मी नंबर फिरवला.

मी ठरवलं होतं, आडून आडून विचारायचं. सरप्राइज फुटू द्यायचं नाही.

"नमस्कार, मी वॉटफर्डहून सुधा सबनीस बोलतेय. आपली ओळख नाही. पण एक विचारायचं होतं, तुमच्याकडे एक जुनं इंग्लिश पुस्तक होतं का, चित्रांचं..."

"कुठंय ते?" पलीकडून बाई जवळजवळ किंचाळल्या. "तुम्हाला कुठे मिळालं? चॅरिटी शॉपमध्ये ना? मला माहीतच होतं! लॉफ्ट साफ करताना आमच्या ह्यांनीच, डॉक्टरांनीच, देऊन टाकलं. मी चार दिवस त्यांच्याशी बोलत नाहीये. विचारलं तर म्हणतात, तूच कुठेतरी ठेवलं असशील! मी? मी ठेवीन होय?"

शनिवारी लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाचं जेवण, आणि घरात चार दिवस अबोला. तोही या पुस्तकावरून.

मग मला सगळं सांगावंच लागलं. मी सांगितलं.

"नीनाने?" बाई म्हणाल्या. "पुसायला सांगितलं?"

"तिला काय माहीत, ताई."

"उद्या सकाळी येते मी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. नंतर मीच कपाळाला हात लावून बसले. मिस्टर प्रिचर्ड लांबून बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही, त्यामुळे आम्हा दोघांचाही चहा गार झाला.

शुक्रवारी साडेनऊला पिनरहून ट्रेनने मालतीताई आल्या. लहानखुऱ्या, गुडघ्यापर्यंतचा जाड कोट, खाली साडी, पायात बूट. मला म्हणाल्या, "तुम्हीच का सुधाताई?" आणि सरळ टेबलाकडे गेल्या. आता मिस्टर प्रिचर्डना सांगण्याशिवाय इलाज नव्हता.

"या मिसेस फडके. गिऱ्हाइकाच्या आई. मी फोन केला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत परत गेले. पण मालतीताईंना ते "गुड मॉर्निंग" म्हणाले आणि स्टूल पुसून दिलं.

मालतीताईंनी दुसरी प्लेट पाहिली. तिसरी पाहिली. पाचवी बघून तोंडावर पदर धरला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या.

"लग्न झालं आणि आठव्या दिवशी हे इकडे निघून आले," त्या मला म्हणाल्या. "मी सहा महिन्यांनी आले. तोवर आमची ओळख ती केवढी? हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, तिकडे वर, नॉर्थमध्ये. त्यांची एक दिवसाआड रात्रपाळी. मला तिथल्याच लॅबमध्ये सकाळची नोकरी लागली. मी निघायचे तेव्हा हे झोपलेले, मी यायचे तेव्हा हे गेलेले. पुस्तक मी चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या जंबल सेलमधून आणलं होतं, इंग्लिश सुधारायला. मुखपृष्ठ तेव्हाही नव्हतं. नाव अजून माहीत नाही मला त्याचं. किचनच्या टेबलावर पडलेलं असायचं."

"मग साध्या कागदावर चिठ्ठी का नाही लिहिलीत?"

"लाज वाटायची हो. चिठ्ठी लिहिली की ती चिठ्ठी होते. चित्राखाली लिहिलं की ते आपलं चित्राबद्दल. काही जास्त झालं तर म्हणता येतं, मी त्या बाईबद्दल लिहिलंय, माझं काही नाही."

मी हे इंग्रजीत करून मिस्टर प्रिचर्डना सांगितलं. ते म्हणाले, "क्वाइट राइट."

मग मालतीताईंना काय सुचलं कोण जाणे. त्या एकदम ताठ बसल्या. "पुसून टाका," म्हणाल्या.

"काय?"

"अहो, उद्या जेवायला चाळीस माणसं येणार. डॉक्टरांचे कलीग्ज, नीनाच्या मैत्रिणी, आपली सगळी मंडळी. नीना ते भिंतीवर लावणार आणि पाटील वहिनी चष्मा लावून वाचणार, 'खिचडी ओव्हनमध्ये आहे.' मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. डॉक्टर तर घर सोडून जातील. पुसा तुम्ही. नीनाने सांगितलंय तेच करा."

साडेदहा वाजत आले होते. मी माझी नोकरी पणाला लावून ज्या बाईंना बोलावलं, त्यांनीच रबराच्या बाजूने मत दिलं होतं. मिस्टर प्रिचर्डनी माझ्याकडे पाहिलं, मी भाषांतर केलं. त्यांनी मान हलवली. मग उठले, बाजूला ठेवलेली पहिली प्लेट आणली आणि मालतीताईंसमोर ठेवली.

"ही मी काल साफ केली," ते म्हणाले. "तुम्हाला दाखवायला हवी."

मालतीताईंनी प्लेट पाहिली. खालच्या मोकळ्या जागेवर अंगठा फिरवला. एकदा, मग परत एकदा.

"इथे होतं," त्या म्हणाल्या. "इथे सगळ्यात पहिलं होतं. कुणी पुसलं?"

"मी, मिसेस फडके. आय ॲम व्हेरी सॉरी."

त्यांचा अंगठा तिथेच राहिला. मग आधीच्या आवाजात नाही, अगदी हळू, मराठीत मला म्हणाल्या, "बाकीची नका पुसू हं."

मी भाषांतर केलं नाही. मिस्टर प्रिचर्डना ते कळलं होतं. रबर त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर बंद केला.

"आणि पाटील वहिनी?" मी विचारलं.

उत्तर खरं तर माझ्याच धंद्यात होतं. आठ वर्षं मी लोकांच्या चहाचे डाग माउंटखाली लपवत आले होते. मिस्टर प्रिचर्डनी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि प्लेटवर धरून दाखवला. माउंटची खिडकी चित्राच्या अगदी कडेला बेतायची. म्हणजे बाहेरून फक्त चित्र दिसेल आणि पेन्सिलचा मजकूर पुठ्ठ्याखाली जाईल. कागद कुठेही चिकटवायचा नाही. माउंट फक्त वरच्या बाजूने पातळ जपानी कागदाच्या पट्टीने जोडायचं, पुस्तकाच्या पानासारखं उचलता येईल असं. फ्रेमच्या मागे आम्ही एरवी खिळे ठोकून वर टेप मारतो. त्याऐवजी फिरणाऱ्या चार क्लिपा लावायच्या. बोटाने फिरवल्या की फ्रेम उघडते.

"ज्याला माहीत आहे तोच उघडेल," ते म्हणाले.

मालतीताईंनी पुठ्ठा स्वतःच्या हाताने उचलून पाहिला, झाकून पाहिला, परत उचलला. चेहरा असा उजळला की मला माझं फोन करणं माफ झाल्यासारखं वाटलं. मिस्टर प्रिचर्डनी मात्र तेव्हाच सांगितलं, "गिऱ्हाईक तुमची मुलगी आहे. संध्याकाळी तिने नको म्हटलं तर मला तिचं ऐकावं लागेल. पण न पुसलेलं मला उद्या सकाळीही पुसता येईल."

जाताना मालतीताई दारात थांबल्या. "सुधाताई, डॉक्टरांसाठी अजून सरप्राइज आहे ना हे?"

"आहे."

"म्हणजे उद्यापर्यंत मला त्यांच्याशी अबोला धरायला हवा. एकदम बोलायला लागले तर संशय येईल." असं म्हणून त्या भलत्याच खुशीत स्टेशनकडे गेल्या.

संध्याकाळी पाच वाजता नीनाचा फोन आला. तिच्या मशीनवर माझ्या निरोपामागोमाग आईचाही निरोप होता. अर्थातच चिडलेली. आपल्याशी मराठीत बोललं पाहिजे म्हणून राग मराठीत, आणि त्यामुळे तो जरा धापा टाकत.

"आन्टी, तुम्ही आईला फोन केला? माझा सगळा सरप्राइज गेली! आय वॉज द क्लायंट!"

"हो. चुकलं माझं," मी म्हटलं. खरंच चुकलं होतं. "पण नीना, ते पेन्सिलचं तू का पुसायला सांगितलंस?"

"बिकॉज मला वाटला की ते मी केला. लहान असताना. आय थॉट मी आईचा बुक खराब केला आणि ती कधी रागावली नाही. म्हणून क्लीन करून द्यायचा होता."

ही पोरगी आपला लहानपणीचा गुन्हा पुसायला निघाली होती.

"ते तुझं नाही," मी सांगितलं. "तुझ्या आईबाबांचं आहे. तू जन्मायच्या आधीचं."

"काय लिहिलाय?"

"ते मी नाही सांगणार. मी वाचलं तेच जास्त झालं. आईला विचार."

ती म्हणाली, "ओके. डोन्ट टच इट. प्लीज." मी टिकेटवर आधीची ओळ खोडली, नवी लिहिली, आणि मिस्टर प्रिचर्डनी त्यावर सही केली. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून सहा माउंट कापली. ती कापताना मिस्टर प्रिचर्ड मला म्हणाले, "पुढच्या वेळी गिऱ्हाइकाच्या आईला फोन करायचा असेल तर मला आधी सांगायचं." मी हो म्हटलं. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

शनिवारी फ्रेमा पोहोचवायला मी नीनाबरोबर पिनरला गेले. मालतीताईंनी मला दारातच "या, या, तुम्ही नीनाच्या फ्रेमर का?" असं विचारलं. नाटकात काम केलेल्या असाव्यात. जिन्याच्या भिंतीवर सहा फ्रेमा लागल्या. माणसं जमली, "हाऊ लव्हली" झालं, पाटील वहिनींनी खरोखरच चष्मा लावून प्रत्येक प्लेट पाहिली आणि नायिकेची कंबर फार बारीक असल्याचं सांगितलं.

डॉक्टर फडके सगळ्यात शेवटी आले. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. भूल देणारे डॉक्टर होते, ते असेच असतात की काय कोण जाणे. तिसऱ्या फ्रेमसमोर थांबले. चित्राकडे त्यांनी पाहिलंच नाही. नजर सरळ खाली गेली, जिथे माउंटची पांढरी कड होती, आणि चेहरा उतरला. लेकीला दिसू नये म्हणून भिंतीकडेच तोंड ठेवून ते बायकोला म्हणाले, "खालचं कापलं गं."

सहा दिवसांतला तो त्यांचा बायकोशी पहिला संवाद होता.

मालतीताईंनी फ्रेम खुंटीवरून काढली, उलटी केली, पाठीमागची एक क्लिप बोटाने फिरवली आणि परत बंद केली. "काही कापलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळं आत आहे. पाहुणे गेले की बघा. आणि पुस्तक मी कुठेही ठेवलं नव्हतं, तुम्हीही कुठे दिलं नव्हतं. आता चला जेवायला."

डॉक्टर जागचे हलले नाहीत. त्यांनी फ्रेम परत खुंटीवर अडकवली, ती तिरकी झाली, सरळ केली, आणि मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी भिंती सजवल्या होत्या, पण कुणाचं काही सांभाळल्यासारखं पहिल्यांदाच वाटलं.

तीनेक महिन्यांनी एका सोमवारी मालतीताई आणि डॉक्टर दोघंही वर्कशॉपमध्ये आले. हातात पहिली फ्रेम, तीच पुसलेली. "काचेच्या आत धूळ गेलीय," डॉक्टर म्हणाले. नवीन फ्रेममध्ये धूळ आपोआप जात नाही, फ्रेम घरी उघडली तरच जाते. मिस्टर प्रिचर्डना ते माहीत होतं. तरी त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. दोघं समोरच्या कॅफेत जातो म्हणून गेले.

मी क्लिपा फिरवल्या. माउंट उचललं. खालच्या कोऱ्या जागेत ताजी पेन्सिल होती. गोल अक्षर: "इथे मी तुम्हाला काय विचारलं होतं, आठवतंय का?" तिरपं अक्षर: "नाही. रविवारी बसून आठवू." आणि त्याखाली गोल अक्षर: "आज रविवारच आहे."

"काय लिहिलंय?" मिस्टर प्रिचर्डनी विचारलं, आणि लगेच म्हणाले, "नको. सांगू नकोस."

मी काच पुसली. त्यांनी जॉब टिकेट ओढलं आणि सुबक अक्षरात लिहिलं: काच साफ करणे. पेन्सिलला हात लावू नये.

पुढच्या वर्षी टिकेटं नव्याने छापून आली तेव्हा 'पेन्सिलच्या खुणा' या ओळीखाली एक नवा चौकोन होता. त्यात खूण केल्याशिवाय रबर ड्रॉवरच्या बाहेर काढायचं नाही, असा नियम झाला. चौकोनाशेजारी लिहिलं होतं: गिऱ्हाइकाला हे वाचता येतं का?